कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं

२०१८ च्या उन्हाळ्यात यू मुंबानं एकही जुना मोठा खेळाडू राखला नाही. प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या हंगामाआधी संघांना काही निवडक खेळाडू लिलावात न सोडता स्वतःकडे ठेवायची मुभा होती. बारांपैकी नऊ संघांनी मिळून २१ जण ठेवले. मुंबा, जयपूर आणि यूपी या तिघांनी मात्र सगळे सोडले. लालबाग-परळमध्ये ही बातमी पचायला जड गेली. पहिल्या तीनही हंगामांत अंतिम फेरी गाठणारा, २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० असं हरवून करंडक उचलणारा हा संघ. त्याचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा, पण परळच्या भोईवाड्यातल्या पोरांनी त्याला आपलाच मानलं होतं. बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून शांतपणे परत येण्याची त्याची लकब गल्लीतली मुलं हुबेहूब करायची. तो जयपूरला गेला आणि त्याच डिसेंबरमध्ये निवृत्त झाला.

भावना बाजूला ठेवून पाहिलं तर तो निर्णय बरोबर होता, असं माझं मत आहे. संघ वयानं थकला होता. चौथ्या हंगामात तो उपांत्य फेरीच्या बाहेर राहिला होता. नावं मोठी होती, पण शेवटच्या दहा मिनिटांत पकडीला जाणारे हात उशिरा पोहोचत होते. कबड्डीत वय आधी पायात उतरतं आणि मग डोळ्यांत. अनुभवी कोपरारक्षकाला चढाईपटू कुठे जाणार हे अचूक कळतं, पण कळल्यानंतर अर्ध्या क्षणात घोटा धरायला पाय पुरत नाहीत. अशा वेळी आदरापोटी खेळाडू ठेवणारा संघ त्याच्यावरही अन्याय करतो आणि बाकावर बसलेल्या पोरावरही.

हे निर्णय घेतले जातात त्या चौकटीची माहिती असल्याशिवाय त्यातली ओढाताण कळत नाही. अलीकडच्या हंगामांत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५ कोटी रुपये मिळतात, त्याहून एक रुपयाही जास्त नाही. त्यात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू बसवायचे. राखलेल्या खेळाडूंचं मानधन याच रकमेतून वजा होतं. लिलावात खेळाडूंचे चार गट असतात आणि त्यांच्या पायाभूत किमती ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख अशा उतरत जातात. लिलावाआधी ठेवता येणारे खेळाडू तीन प्रकारचे: नावाजलेले, संघात आधीपासून असलेले तरुण आणि नवोदित. नवोदित म्हणजे संघानं लिलावाबाहेर, थेट चाचणी घेऊन करारबद्ध केलेली कोवळी मुलं. त्यांच्यासाठी बोली लागत नाही, मानधन ठरलेलं असतं.

चौथी वाट अधिक नाट्यमय आहे. सोडून दिलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघानं शेवटची बोली लावली, की जुना संघ एक कार्ड उचलून तेवढीच रक्कम मान्य करतो आणि खेळाडू परत घेतो. २०१८ मध्ये मुंबईच्या रिशांक देवाडिगाच्या बाबतीत हेच झालं. जयपूरची बोली १ कोटी ११ लाखांवर थांबली आणि यूपीनं कार्ड उचललं. हा मुलगा मुंबईच्या स्थानिक कबड्डीतून वर आलेला. लहानपणी वडील गेले, हॉटेलात वेटरचं काम केलं, मग खेळाच्या जोरावर आधी देना बँकेत आणि पुढे भारत पेट्रोलियममध्ये शिरला. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं ११ वर्षांनी वरिष्ठ राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. लीगच्या पहिल्या लिलावात, २०१४ मध्ये, सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार होता आणि त्याची किंमत होती १२ लाख ८० हजार. चार वर्षांत खेळ कुठून कुठे गेला, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

पाटी कोरी करून बसलेल्या मुंबानं त्या लिलावात दोन गोष्टी केल्या. इराणचा कोपरारक्षक फझल अत्राचली याच्यावर १ कोटी लावले. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. आणि चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. बचावाचा खांब विकत घेतला आणि चढाईची बाजू एका अशा गड्यावर सोपवली, ज्याला लीगमध्ये कोणी पाहिलंच नव्हतं. सिद्धार्थनं पहिल्या चार सामन्यांत चढाईचे ५० गुण घेतले. इतक्या वेगानं तिथवर आधी कोणी पोहोचलं नव्हतं. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर दोनशेहून जास्त गुण होते. उंच, रुंद खांद्यांचा हा चढाईपटू दोघांच्या मिठीतून मध्यरेषेपर्यंत स्वतःला अक्षरशः ओढत न्यायचा.

पुढच्या वर्षी मुंबानं त्याला सोडलं. फझल, सुरेंदर सिंग, राजगुरू सुब्रमण्यन आणि तरुण अर्जुन देशवाल यांना ठेवलं. सिद्धार्थ लिलावात गेला आणि तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना उचललं. एका हंगामात जवळजवळ चौपट. लालबागच्या नाक्यावर तेव्हा मुंबाच्या व्यवस्थापनाबद्दल बरंच काही बोललं गेलं. पण व्यवस्थापनाच्या बाजूनं विचार करून पाहा. दीड कोटी एका चढाईपटूवर गेले तर फझलची कोपऱ्यातली जोडी मोडते. चढाईपटूच्या खांद्यावर आणि गुडघ्यावर तीन-तीन बचावपटूंचं वजन येतं, सामन्यामागून सामने. आठव्या हंगामात सिद्धार्थ दुखापतीमुळे सुरुवातीलाच बाहेर गेला, हे मुंबाला २०१९ मध्ये ठाऊक असणं शक्य नव्हतं. एवढा धोका एका शरीरावर ठेवायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.

मला खरी चूक वाटते ती पुढची. सिद्धार्थला सोडून ज्या अर्जुन देशवालला ठेवलं, दोन हंगाम घडवलं, त्यालाच २०२१ च्या लिलावात हातून जाऊ दिलं. जयपूरनं त्याला ९६ लाखांना घेतलं. त्या हंगामात त्यानं चढाईत २५० हून जास्त गुण केले, पुढच्या हंगामात २९६, आणि १७ डिसेंबर २०२२ ला जयपूरनं करंडक उचलला. तोही वरळीच्या डोममध्ये, मुंबाच्या घरच्या मैदानावर. पोराला शिकवायचा खर्च मुंबानं केला आणि पीक जयपूरनं कापलं. तरुण खेळाडू घडवणाऱ्या संघाच्या वाट्याला हे दुःख कधी ना कधी येतंच. शिकवायला दोन-तीन वर्षं लागतात आणि करार त्याआधी संपतो.

आता भोईवाड्याकडे वळू, कारण लिलावात बोली लागण्याआधीची दहा वर्षं अशाच ठिकाणी जातात. परळ, लालबाग, नायगाव, वडाळा, डिलाईल रोड, प्रभादेवी या पट्ट्यात कबड्डी रुजली ती गिरण्यांमुळे. तिन्ही पाळ्यांत काम करणारे तरुण, बहुतेक कोकण आणि घाटावरून आलेले, एका खोलीत दहा-बारा जण राहणारे. त्यांना परवडेल असा खेळ हवा होता. बॅट नको, चेंडू नको, बूट नकोत. आखायला चुना आणि खेळायला चौदा गडी पुरे. चाळीच्या मंडळानं गणपती बसवायचा, तालीम चालवायची आणि कबड्डीचा संघ उभा करायचा, ही तिन्ही कामं एकाच कार्यकर्त्यांच्या हातून व्हायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, पुढे त्यांच्या जागी मनोरे आले, पण संघ टिकले. परळच्या लाल मैदानावर, भोईवाड्याच्या मैदानावर, वडाळ्याच्या भारतीय क्रीडा मंदिरात स्पर्धा होत राहिल्या. प्रभादेवीच्या हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडाभवनात कामगारांच्या स्पर्धा भरतात. त्या वास्तूच्या नावातच हा सगळा इतिहास आहे. कबड्डीला देशभर उभं करणाऱ्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. या भागात तो मंडळांचा आपला दिवस असतो.

इथल्या मुलाचा प्रवास ठरलेला आहे. शाळेत असतानाच तो किशोर गटात येतो, म्हणजे १६ वर्षांपर्यंत आणि वजनाच्या मर्यादेत. मग २० वर्षांपर्यंत कुमार गट, त्यानंतर वरिष्ठ. मंडळ त्याची नोंदणी मुंबई शहर कबड्डी असोसिएशनकडे करतं. संध्याकाळी सहा-सातला सराव सुरू होतो. शिकवणारे बहुधा स्वतः जुने खेळाडू असतात, दिवसभर पोलीस खात्यात, महापालिकेत किंवा बँकेत नोकरी करून मैदानावर येणारे. त्याबद्दल त्यांना पगार मिळत नाही. पोराला दूध-केळी, स्पर्धेला जायचा खर्च, कधी बूट, कधी कॉलेजची फी, हे मंडळाच्या वर्गणीतून किंवा या माणसांच्या खिशातून जातं.

शिकवण्याचा क्रम पाहण्यासारखा असतो. आधी दम. सलग ‘कबड्डी’ म्हणत ३० सेकंद हालचाल करायची आणि तरीही डोकं शांत ठेवायचं. मग पदलालित्य, म्हणजे निदान रेषा ओलांडताना वजन कुठल्या पायावर ठेवायचं, बचावाची साखळी कुठे सैल आहे ते कसं ताडायचं. हातानं गडी टिपणं पोरं लवकर शिकतात. मागच्या पायाची लाथ मारून टिपायला वर्ष-दोन वर्षं जातात. पकडीचं शिक्षण त्याहून लांब. पट काढणं, कैची मारणं, मिठी घालणं या सुट्ट्या करामती मुलगा सहा महिन्यांत शिकतो. पण शेजारच्या गड्याचा हात धरून साखळीत उभं राहायचं, तो पुढे सरकला की आपण किती सरकायचं, कोपऱ्यातला घोट्याला गेला की मध्यरक्षकानं कंबर कधी धरायची, हे एकट्यानं शिकता येत नाही. म्हणून चांगला चढाईपटू एकोणिसाव्या वर्षी चमकू शकतो, पण कोपरारक्षक बहुधा तेवीस-चोविसाव्या वर्षी पिकतो, आणि तोही जोडीदार तोच राहिला तर. ज्या संघमालकाला हे कळत नाही, तो बचावातले तरुण एका हंगामात काढून टाकतो आणि मग दरवर्षी नवा बचाव विकत घेत बसतो.

मातीवरून मॅटवर जाणं हा या शिक्षणातला सगळ्यात कठीण टप्पा. मातीत पाय थोडा घसरतो आणि अंग झोकून देता येतं. मॅटवर बूट रुततो, शरीर वळतं आणि पाय तिथेच राहतो. गुडघ्याचे अस्थिबंध अशा वेळी तुटतात. ज्या मुलाला लहानपणापासून मॅट मिळाली त्याची वळायची सवयच वेगळी असते. मुंबईच्या मध्यभागी बंदिस्त सभागृह आणि कायमची मॅट असलेली मंडळं मोजकीच. पावसाळ्याचे चार महिने मोकळी मैदानं चिखल होऊन जातात आणि सराव कुठे करायचा, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. २०२५ चा लिलाव ३१ मे आणि १ जूनला मुंबईतच झाला, म्हणजे इथल्या स्थानिक स्पर्धा आटोपून पाऊस तोंडावर आलेला असताना. नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत चाळीच्या मैदानात मुलं काय खेळली, त्याची पारख लिलावाच्या वेळी पंचतारांकित हॉटेलात होते.

लीग येण्याआधीही इथे ‘ठेवायचं की सोडायचं’ होतंच, फक्त त्यात बोली नव्हती. मुंबईच्या स्पर्धांत स्थानिक गट वेगळा आणि व्यावसायिक गट वेगळा. व्यावसायिक गटात महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, बँका, रेल्वे, पोलीस यांचे संघ. वीस वर्षांच्या मुलाला अशा संघानं बोलावलं, की आधी ‘स्टायपेंडवर’ घ्यायचे, एक-दोन मोसम पाहायचे आणि मग जमलं तर कायम करायचे. त्या ‘कायम’ शब्दासाठी आई-वडिलांनी मुलाचं खेळणं सहन केलेलं असायचं. कंपनीनं कबड्डीचा संघ बंद केला तरी नोकरी राहत असे, निवृत्तीच्या वयापर्यंत पगार येत असे. आज लीगचा नवोदित करार हातात आलेल्या मुलासमोर दोन कागद असतात. एकात दोन-अडीच महिन्यांच्या हंगामाचं चांगलं मानधन असतं, पुढच्या वर्षाची हमी नसते. दुसऱ्यात महिन्याचा लहान पगार असतो आणि तो थांबत नाही. मुलाला पहिला कागद हवा असतो आणि घराला दुसरा. दोन्ही साधणारे नशीबवान. लीगमधले बरेच जुने मराठी खेळाडू आस्थापनांच्या नोकरीत राहूनच लीग खेळले, आणि माझ्या मते आजही मुलाला देण्यासारखा हाच सल्ला आहे.

तरुणांवर भरवसा ठेवून मोठं काय उभं राहतं, त्याचं महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण मुंबईचं नाही, पुण्याचं आहे. हे मान्य करताना लालबागकराला थोडं जड जातं. आठव्या हंगामात पुणेरी पलटणनं दोन नवोदितांना उतरवलं: अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. तेव्हा पुण्याचा प्रशिक्षक कोण होता? अनुप कुमार. मुंबानं सोडलेला तोच कर्णधार. पुण्यानं या दोघांना पुढच्या वर्षी ठेवलं, त्याच्या पुढच्या वर्षीही ठेवलं. त्यांच्याभोवती आकाश शिंदे, पंकज मोहिते असे तरुण उभे केले आणि मोठी रक्कम एखाद-दुसऱ्या नावाजलेल्या खेळाडूवरच खर्च केली. नवव्या हंगामात तो फझल होता, १ कोटी ३८ लाखांना. अंतिम सामना ते जयपूरकडून २९-३३ असे हरले. अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हते. मग पुण्यानं फझलला सोडलं आणि २ कोटी ३५ लाखांना इराणचाच मोहम्मदरेझा शादलुई आणला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ असं हरवून पलटणनं पहिला करंडक जिंकला. कर्णधार होता नवोदित म्हणून आलेला अस्लम.

अस्लम आणि मोहितसारखी पोरं ठरलेल्या मानधनात मिळतात आणि वाढतात, म्हणून तर शादलुईसाठी पैसे उरतात. लिलावाचं गणित याच जागी सुटतं किंवा फसतं. त्याच हंगामासाठी तेलुगू टायटन्सनं चढाईपटू पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. ५ कोटींतले निम्म्याहून जास्त. उरलेल्यात किमान सतरा माणसं बसवायची, म्हणजे माणशी सरासरी चौदा लाख. पवननं दोनशेच्या वर गुण केले आणि टायटन्स तरीही २२ सामन्यांत दोनच विजय मिळवून तळाला राहिले. कबड्डीत चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो आणि त्याला परत आत आणायला उरलेल्या सहांनी गुण मिळवावे लागतात. त्या सहांना मिळवता आले नाहीत, तर अडीच कोटींचा माणूस टाळ्या वाजवत कडेला बसून राहतो.

पवनचंच त्याआधीचं वर्ष याहून बोलकं आहे. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजनं त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. थलैवाजकडे नरेंदर कंडोला नावाचा एक नवोदित होता. त्यानं चढाईचे २४३ गुण केले आणि त्या संघानं इतिहासात पहिल्यांदा बाद फेरी गाठली, उपांत्य सामनाही खेळला. पवन उभा असता तर नरेंदरला एवढ्या चढाया मिळाल्या असत्या का? मला शंका आहे. कितीतरी पोरं अशी बाकावर बसून दोन हंगाम काढतात आणि ‘संधी दिली, काही केलं नाही’ अशा शेऱ्यासह घरी जातात. त्यांच्या वाट्याला आलेल्या चढाया मोजल्या तर बहुधा त्या तिसऱ्या चढाया निघतात, म्हणजे गुण आणला नाही तर बादच, अशा. प्रशिक्षकानं नवोदिताला पहिल्या दहा मिनिटांतल्या मोकळ्या चढाया द्याव्यात. पोराला संघात घेणं आणि पोराला घडवणं यांतला फरक तिथे दिसतो.

मुंबालाही अखेर ही वाट सापडली असं म्हणता येईल. २०२४ मध्ये त्यांनी बचावपटू सुनील कुमारवर १ कोटी १ लाख ५० हजार लावले; कोटी ओलांडणारा तो पहिला भारतीय बचावपटू. चढाईत मात्र महाराष्ट्राच्या अजित चौहान या नवोदितावर भार टाकला. त्यानं दीडशेहून अधिक गुण केले, संघ बाद फेरीत पोहोचला, आणि पुढच्या हंगामासाठी त्यांनी त्याला ठेवलं. अर्जुन देशवालच्या वेळी जे झालं नव्हतं, ते या वेळी झालं.

दुसऱ्या खेळांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहू. अमेरिका-कॅनडातली बर्फावरच्या हॉकीची राष्ट्रीय लीग २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात बुडाल्यावर खर्चाची कमाल मर्यादा घेऊन परतली. तिथे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी आलेल्या मुलाचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या मानधनाला वरची मर्यादा असते. तो संपला तरी मुलगा लगेच मोकळा होत नाही. दुसऱ्या संघानं देऊ केलेली रक्कम सात दिवसांत मान्य करून त्याला ठेवण्याचा हक्क जुन्या संघाला राहतो. आपल्या कार्डाचाच हा थोरला भाऊ. तीन वर्षांची निश्चिती असल्यामुळे तिथला संघ मुलाला दुय्यम लीगमध्ये पाठवून शांतपणे पिकवू शकतो. आपल्याकडे अशी दुय्यम लीग म्हणजे भोईवाड्यासारखी मैदानंच, फक्त त्यांचं नाव कुठल्या करारात नसतं.

फुटबॉलनं त्याहून पुढचं पाऊल टाकलं आहे. २००१ पासून फिफाचा नियम असा: दुसऱ्या देशातल्या क्लबानं जुन्या क्लबाला पैसे मोजून खेळाडू घेतला, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे. एखाद्या गावातल्या छोट्या क्लबाला अशा एका बदलीतून मैदानाचं कुंपण घालता येतं, वर्षभराचा प्रशिक्षक ठेवता येतो. कबड्डीत बोलीची रक्कम खेळाडूची असते आणि ती त्याचीच राहायला हवी. त्याच्या घामाचे पैसे कोणी कापू नयेत. पण लीगनं स्वतंत्रपणे एक हिस्सा काढावा. बारा संघांचे प्रत्येकी ५ कोटी म्हणजे ६० कोटी. त्याचे ५ टक्के म्हणजे ३ कोटी, विजेत्या संघाच्या बक्षिसाएवढीच रक्कम. करारबद्ध झालेल्या प्रत्येक खेळाडूची किशोर आणि कुमार गटातली नोंदणी संघटनांच्या दप्तरात आहेच. कोणत्या मंडळानं कोणाला किती वर्षं खेळवलं हे शोधायला वेगळी यंत्रणा लागणार नाही.

या हिशेबातली एक बाजू, मुलींची, अजून पूर्णच रिकामी आहे. लोअर परळची सोनाली शिंगटे परळच्याच महर्षी दयानंद महाविद्यालयात शिकत असताना कबड्डीकडे वळली. घरची परिस्थिती बेताची. पहिले बूट आणि साहित्य शिवशक्ती महिला संघाचे प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी दिले. पुढे पश्चिम रेल्वेनं तिला नोकरी दिली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ती होती. ज्या वर्षी सिद्धार्थ देसाईवर बोली लागली, ते हेच वर्ष. मुलींसाठी लीगनं २०१६ मध्ये तीन संघांची एक स्पर्धा भरवून पाहिली होती. एका संघाची कर्णधार मुंबईचीच अर्जुन पुरस्कार विजेती अभिलाषा म्हात्रे होती आणि अंतिम सामना २४-२३ असा अटीतटीचा झाला. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. त्यामुळे इथल्या मुलीला ठेवायचं की सोडायचं, हे रेल्वे किंवा पोलीस खातं ठरवतं, आणि बऱ्याचदा घरातलं लग्नाचं बोलणं ठरवतं. डॉ. शिरोडकर, शिवशक्ती यांसारखे महिला संघ पन्नास किलोच्या पोरी किशोर गटात घेतात, त्यांना पकडीची साखळी शिकवतात आणि नोकरीच्या चाचणीपर्यंत आणून सोडतात. ते ३ कोटी कधी निघालेच, तर पहिला हिस्सा या संघांना जावा. मुलांच्या मंडळाला निदान आपल्या पोराचा भाव वाढलेला टीव्हीवर पाहता येतो. या संघांच्या मुलींसाठी आधी दरवर्षीची लीग लागेल, आणि तिच्यात पहिल्या दिवसापासून किमान तीन वर्षांचा नवोदित करार लागेल.